छोट्या कार्यालयासाठी कोणती मुक्तस्रोत व्हर्जन कंट्रोल प्रणाली घ्यावी?

प्रश्न: मोहोर, जामसंडे (देवगड)

सर्वांना नमस्कार.

आमचे चार जणांचे कार्यालय आहे आणि आम्ही आंबा व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो. बागायतदाराकडून आलेल्या पेट्यांची नोंद, वाशीला पाठवलेला माल, तिथून आलेली पट्टी (विक्रीचा हिशेब), तिच्यातून वजा झालेली आडत (दलाली), हमाली व गाडीभाडे आणि शेवटी बागायतदाराला द्यायची रक्कम, एवढा त्याचा आवाका आहे. कोड सी शार्प या भाषेत आहे, सगळे विंडोजवर चालते आणि छापील पट्ट्यांसाठी क्रिस्टल रिपोर्ट्स या छपाईचे साचे बनवणाऱ्या साधनाच्या बऱ्याच फाइली आहेत. कोडची व्यवस्था मी पाहते.

जुन्या प्रती आम्ही तारखेच्या नावाने केलेल्या फोल्डरांत ठेवतो. काम थोडे होते तोवर हे चालून गेले. यंदाच्या हंगामात मात्र एका व्यापाऱ्यासाठी हमाली पेटीवर न लावता डझनावर लावण्याचा बदल एका फोल्डरात झाला आणि दुसऱ्या व्यापाऱ्यासाठी आडतीच्या रकमेतील पैशांच्या राउंडिंगची दुरुस्ती दुसऱ्या फोल्डरात झाली. आज हे दोन्ही बदल एकत्र असलेली प्रत आमच्यापैकी कोणाकडेही नाही. राउंडिंगची ती ओळ कोणी आणि कोणत्या तक्रारीवरून बदलली, हेही फोन करून करून शोधावे लागले. पुढचा मोहोर येण्याआधी हे मार्गी लावायचे आहे.

आमच्या अडचणी अशा. एक सहकारी मिठबावहून घरूनच काम करतात आणि एक रत्नागिरीला असतात. पावसाळ्यात तारांवर फांदी पडली की लाइट तासन्‌तास जाते, तिच्यामागोमाग नेटही जाते आणि मिठबावला तर मोबाइलची रेंजही भरवशाची नसते. त्यामुळे सतत नेट लागणारी व्यवस्था आम्हाला उपयोगाची नाही. कोडमधला प्रत्येक बदल कोणी व कधी केला ते साठवणाऱ्या व्हर्जन कंट्रोल प्रणालींची गिट, सबव्हर्जन, मर्क्युरियल, फॉसिल अशी नावे वाचली, पण प्रत्येकाची तारीफ करणारा लेख वेगळा आहे. प्रणाली मुक्तस्रोतच (जिचा कोड सर्वांना खुला असतो अशी) हवी, कारण एकदा इतिहास तिच्यात साठवला की उद्या परवान्याची रक्कम वाढली म्हणून तो अडकून पडायला नको. गिटचा परवाना जीपीएल (वाटलेला कोड खुला ठेवायला लावणारा मुक्तस्रोत परवाना) आहे असे वाचले. आम्ही आमचे सॉफ्टवेअर विकतो, तर त्यामुळे आमचा कोडही खुला करावा लागेल का?

उत्तर: वाशिष्ठी, चिपळूण

मोहोरताई, आपण गिट घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. गिट सर्वत्र वापरले जाते हे त्याचे दुय्यम कारण आहे. मुख्य कारण हे की आपले एक सहकारी मिठबावला बसतात.

गिटमध्ये रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा) क्लोन केली, म्हणजे तिची प्रत घेतली, की केवळ आजचा कोड येत नाही, पहिल्या कमिटपासूनचा (कमिट म्हणजे संदेशासह नोंदवलेला बदल) सगळा इतिहास त्या संगणकावर येतो. कमिट करणे, जुनी आवृत्ती उघडणे, दोन आवृत्त्यांतील फरक काढणे, ब्रांच (कामाची वेगळी शाखा) करणे, ती मर्ज करणे (दुसऱ्या शाखेत मिसळणे), एखादी ओळ कोणी आणि कोणत्या कमिटमध्ये बदलली ते 'ब्लेम' या आज्ञेने शोधणे, यातल्या एकाही कामाला नेट लागत नाही. नेट लागते ते फक्त एकमेकांचे कमिट घेताना आणि देताना, आणि तेही टाळता येते. त्याबद्दल पुढे लिहितो.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा आमचे तळमजल्यावरचे कार्यालय आणि त्यातला सर्व्हर दोन्ही पाण्याखाली गेले. गुहागरच्या सहकाऱ्याने आदल्या संध्याकाळी पुल केलेले (सर्व्हरवरचे नवे कमिट आपल्याकडे घेतलेले) होते, त्यामुळे त्याच्या लॅपटॉपवर संपूर्ण रिपॉझिटरी होती. नवा संगणक आल्यावर तिच्यावरून क्लोन घेतला आणि काम पुढे सुरू झाले. तो लॅपटॉप बॅकअप म्हणून वेगळा ठेवलेला नव्हता, रोजच्या कामाचा होता. ग्राहकांचा डेटाबेस मात्र याने वाचत नाही. त्याचा बॅकअप स्वतंत्रपणे घ्यावाच लागतो आणि तो गिटमध्ये ठेवायचाही नसतो. बागायतदारांचे खाते क्रमांक, डेटाबेसचे पासवर्ड असे काही एकदा कमिट झाले की नंतर फाइल पुसली तरी ते इतिहासात राहते आणि काढायचे तर सगळा इतिहास नव्याने लिहावा लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी 'गिटइग्नोर' फाइल करून या गोष्टी बाहेर ठेवाव्यात.

दुसरा मुद्दा, ज्यात नव्या लोकांची हमखास गल्लत होते. गिट ही प्रणाली वेगळी आणि गिटहब हे संकेतस्थळ वेगळे. गिट मुक्तस्रोत आहे, २००५ पासून आहे; गिटहब २००८ साली आले, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि त्याचा स्वतःचा कोड खुला नाही. खासगी रिपॉझिटरी तिथे विनामूल्य ठेवता येते, ती सोय आपण जरूर वापरावी, पण ती आपल्या अनेक प्रतींपैकी एक असावी. कार्यालयातल्याच एका संगणकावर 'बेअर' रिपॉझिटरी, म्हणजे जिच्यात कामाच्या फाइली नसून फक्त इतिहास असतो अशी रिपॉझिटरी, ठेवली आणि बाकीच्यांनी तिच्यात पुश केले (आपले कमिट पाठवले), तरी चौघांचे काम उत्तम चालते. विंडोजच्या शेअर केलेल्या फोल्डरात ती ठेवल्यास पहिल्याच वेळी गिट 'मालकी संशयास्पद आहे' अशा अर्थाची सूचना देऊन थांबेल. २०२२ मध्ये सुरक्षेसाठी आलेली ती तपासणी आहे, 'सेफ.डिरेक्टरी' या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा मार्ग लिहिला की काम सुरू होते. संकेतस्थळासारखे पान हवे असेल, म्हणजे तक्रारींची नोंद, कोडवर टिप्पणी वगैरे, तर गिटी किंवा फोर्जेजो यांपैकी एक मुक्तस्रोत प्रणाली त्याच संगणकावर बसवता येते. दोन्ही हलक्या आहेत, जुन्या यंत्रावरही चालतात.

आता नेट नसतानाची देवाणघेवाण. गिटमध्ये 'बंडल' नावाची आज्ञा आहे. तिने संपूर्ण रिपॉझिटरी किंवा ठरावीक कमिटपासून पुढचा भाग एकाच फाइलमध्ये बांधला जातो. ती फाइल पेन ड्राइव्हवर घालून मिठबावला पाठवावी. तिथे 'फेच' किंवा 'पुल' करताना सर्व्हरच्या पत्त्याच्या जागी त्या फाइलचे नाव द्यावे, बाकी काही बदलत नाही. 'बंडल व्हेरिफाय' केले की फाइल नीट आहे ना आणि तिच्या आधीचे आवश्यक कमिट आपल्याकडे आहेत ना, हे दोन्ही कळते. रत्नागिरीच्या सहकाऱ्यांना पहिली प्रत देतानाही हाच मार्ग वापरावा. गिटचा क्लोन अर्धवट तुटला तर तुटला तिथून पुढे सुरू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. ढिल्या नेटवर मोठी रिपॉझिटरी उतरवताना हे फार छळते. पहिली प्रत बंडलने नेली की पुढे नेटवरून फक्त फरक जातात आणि ते काही किलोबाइटचे असतात.

लाइट जाण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती मार्गदर्शक पुस्तिकांच्या पहिल्या पानांवर नसते. गिट प्रत्येक नवी नोंद (ऑब्जेक्ट) आधी सुट्या फाइलमध्ये लिहिते. ती फाइल डिस्कवर खरोखर उतरली याची खात्री विंडोजवरचे गिट मूळ सेटिंगमध्ये करून घेते, इतर प्रणालींवर मात्र घेत नाही. ती खात्री झालेली नसताना नेमकी लाइट गेली तर शून्य बाइटची फाइल उरते आणि पुढच्या वेळी 'ऑब्जेक्ट फाइल रिकामी आहे' असा संदेश येतो. आवृत्ती २.३६ पासून 'कोअर.एफसिंक' ही सेटिंग आहे. ती 'ऑल' करावी. कमिटला किंचित जास्त वेळ लागेल, चौघांच्या कामात तो जाणवणारही नाही. शिवाय संगणकांना यूपीएस असावाच, आणि लाइट आल्यावर एकदा 'एफएससीके' चालवून रिपॉझिटरी तपासावी.

परवान्याबद्दल निश्चिंत असा. गिट जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. त्या परवान्याच्या अटी गिट स्वतः किंवा त्यात बदल करून इतरांना वाटणाऱ्याला लागू होतात. गिटमध्ये साठवलेला आपला कोड हा गिटचा भाग होत नाही. आपण तो विका, बंद ठेवा, काहीही करा.

मुक्तस्रोतच हवे हा आपला आग्रह रास्त आहे. गिटचा जन्मच त्यातून झाला. लिनक्स कर्नलचे (लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याचे) काम २००२ पासून बिटकीपर या खासगी मालकीच्या प्रणालीवर चालत होते आणि ती कर्नलच्या लोकांना फुकट दिलेली होती. अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रामरनी तिच्याशी जुळणारे साधन लिहायला घेतल्यावर २००५ साली कंपनीने ती सवलत काढून घेतली. तेव्हा लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. त्याच वर्षीपासून जुनिओ हमानो त्याचा सांभाळ करत आहेत. बिटकीपर पुढे २०१६ मध्ये खुले झाले, पण तोवर लोक निघून गेले होते.

उत्तर: कर्ली_काठ, कुडाळ

वाशिष्ठी यांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु प्रश्नातील एक वाक्य त्यांनी ओलांडून पुढे नेले: क्रिस्टल रिपोर्ट्सच्या बऱ्याच फाइली. त्या फाइली बायनरी असतात, म्हणजे ओळींचा साधा मजकूर नसतात. सी शार्पच्या कोडमध्ये दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या तर गिट त्या मर्ज करते; पट्टीच्या छपाईची एकच फाइल दोघांनी बदलली तर ती कोणालाच मर्ज करता येत नाही, एकाचे काम टाकून द्यावे लागते. देवगडच्या माणसाने पट्टीवर व्यापाऱ्याचे बोधचिन्ह बसवले आणि त्याच दिवशी रत्नागिरीच्या माणसाने गाडीभाड्याचा रकाना वाढवला, की भांडण ठरलेले.

सबव्हर्जनमध्ये यासाठी लॉकची सोय मुळातच आहे. फाइलला 'नीड्स-लॉक' हा गुणधर्म लावला की ती प्रत्येकाकडे केवळ वाचण्यापुरती उघडते. बदल करायचा असेल त्याने आधी लॉक घ्यायचे, आणि ते कोणाकडे आहे हे बाकीच्यांना दिसते. आराखडे, छपाईचे साचे, चित्रे असे काम करणाऱ्या कार्यालयांत आजही सबव्हर्जन टिकून आहे ते यामुळे. त्याची १.० आवृत्ती २००४ साली आली, २०१० पासून तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा प्रकल्प आहे आणि त्याचा सांभाळ अजून होतो. विंडोजवर टॉर्टॉइज-एसव्हीएन बसवले की फोल्डरवर उजवी कळ दाबून सगळे काम होते; ज्यांनी कधी काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिलेली नाही त्यांना ते पटकन जमते. आवृत्त्यांना साधे चढते क्रमांक मिळतात, त्यामुळे फोनवर 'दोनशे बारा क्रमांकाची प्रत घ्या' एवढे सांगितले तरी पुरते. गिटमध्ये चाळीस अक्षरांची ओळख असते. तिची सुरुवातीची सात-आठ अक्षरे सांगून भागते, पण ती फोनवर सांगणे कटकटीचे आहेच.

'सबव्हर्जनला नेट लागते' हेही अर्धेच खरे आहे. त्याला सर्व्हर लागतो. सर्व्हर कार्यालयातल्या टेबलाखाली असेल आणि सगळे एका जाळ्यावर असतील तर बाहेरचे नेट आठवडाभर गेले तरी काम अडत नाही. मिठबावचे सहकारी मात्र रेंज नसताना कमिट करू शकणार नाहीत. तेवढ्या काळातले सगळे बदल एका ढिगाने जातील आणि कोणता बदल कशासाठी केला तो धागा हरवेल. ही उणीव मी कमी लेखत नाही. दोन सहकारी बाहेरगावी असताना मीही शेवटी गिटच निवडेन, पण पट्ट्यांच्या फाइलींसाठी गिट एलएफएस सोबत घेईन. त्याने मोठ्या बायनरी फाइली इतिहासाबाहेर वेगळ्या साठवल्या जातात आणि त्यातही लॉकची आज्ञा आहे. ती चालण्यासाठी सर्व्हरची साथ लागते. गिटी आणि फोर्जेजो दोन्ही ती देतात, नुसत्या शेअर केलेल्या फोल्डरावर ती मिळणार नाही. शिवाय एलएफएसच्या फाइली बंडलमध्ये येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात, हे पेन ड्राइव्ह पाठवताना ध्यानात असू द्यावे.

उत्तर: मांडवी, रत्नागिरी

फॉसिलचे नाव प्रश्नात आहे आणि त्याबद्दल कोणी काही लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालीचे कर्ते रिचर्ड हिप यांनी ते लिहिले. एसक्यूलाइटचा स्वतःचा कोड २००९ पासून फॉसिलमध्येच आहे. परवाना बीएसडी पद्धतीचा, म्हणजे फार कमी अटींचा आहे. संपूर्ण प्रणाली ही एकच चालवण्याजोगी फाइल आहे आणि संपूर्ण रिपॉझिटरी ही एसक्यूलाइटची एकच डेटाबेस फाइल असते. तक्रारींची नोंद, विकी आणि चर्चेचे पान त्याच फाइलमध्ये येते, वेगळा सर्व्हर लागत नाही. 'फॉसिल यूआय' म्हटले की ब्राउझरमध्ये सगळा इतिहास दिसतो.

मोहोरताईंच्या दृष्टीने यात दोन गोष्टी मोलाच्या आहेत. लाइट गेल्यावर अर्धवट राहिलेली नोंद एसक्यूलाइट आपोआप मागे फिरवते, त्यामुळे शून्य बाइटच्या फाइलींचा प्रश्न उद्भवत नाही. आणि व्यापाऱ्याची तक्रार व तिच्यासाठी केलेला बदल एकाच फाइलमध्ये जोडलेले राहतात. 'राउंडिंग कोणी आणि कोणत्या तक्रारीवरून बदलले' हा त्यांचा प्रश्न तिथे एका पानावर सुटतो. गिटप्रमाणेच प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असते आणि नेट नसताना कमिट करता येतो.

उणे बाजू सरळ आहे. नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना गिट थोडेफार येत असते, फॉसिल शिकवावे लागते. लागलेच तर फॉसिलमधून गिटमध्ये सगळा इतिहास काढून नेता येतो, त्यामुळे अडकून पडण्याची भीती नाही. मर्क्युरियलही चांगले आहे आणि त्याच्या आज्ञा गिटपेक्षा सुटसुटीत आहेत, पण बिटबकेट या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०२० मध्ये त्याची सोय बंद केली आणि फायरफॉक्सचा कोडही आता गिटवर गेला आहे. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

मोहोर, जामसंडे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मांडवी यांचे फॉसिल मनात भरले होते, पण वैशाखात हंगाम भरात असताना नव्या माणसाला काम शिकवत बसणे आम्हाला शक्य होत नाही. गिट घ्यायचे आणि पट्ट्यांसाठी फोर्जेजोवर एलएफएस व लॉक ठेवायचे, यावर आमचे एकमत झाले आहे.

एका चाचणी फोल्डरावर गिट सुरू केले तेव्हा दोन गोष्टी विचित्र दिसल्या. आमच्या मदतीच्या फाइलींची नावे मराठीत आहेत. गिट ती नावे न दाखवता उलट्या तिरप्या रेषा आणि आकड्यांची माळ दाखवते. दुसरे असे की पडद्यावरील मथळ्यांच्या फाइलमध्ये 'व्यापाऱ्याचे नाव' ही ओळ बदललेली दाखवली जाते, वरची आणि खालची ओळ मात्र अक्षरशः एकच दिसते. शेवटची मोकळी जागा तपासली, तीही नाही. हा दोष गिटचा आहे का?

उत्तर: सुरूचे_बन, रेवदंडा

दोष गिटचा नाही, आणि दुसरी गोष्ट गिटने उघडी पाडली हे बरेच झाले.

पहिल्यासाठी 'कोअर.कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' करावी. मुळात ती चालू असते, त्यामुळे इंग्रजी वर्णमालेबाहेरचे प्रत्येक बाइट अष्टमान (आठच्या पायाच्या) आकड्यांत छापले जाते. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचे असते आणि त्यातली पहिली दोन बहुधा ३४०, २४४ किंवा ३४०, २४५ अशी येतात. आपल्याला दिसणाऱ्या माळेत हेच आकडे पुन्हा पुन्हा असतील. फाइलींना काही झालेले नाही.

दुसऱ्याचे मूळ टंकलेखनात आहे. 'व्यापाऱ्याचे' यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ऱ, त्यापुढे हलन्त आणि मग य येतो. दुसऱ्या रीतीत साधा र, त्यापुढे हलन्त, मग शून्य रुंदीचे जोडचिन्ह आणि मग य येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, कोणता कीबोर्ड वापरला त्यावर फाइलमध्ये काय जाते ते ठरते. आपल्या कार्यालयातील दोघांचे कीबोर्ड वेगळे असणार. गिट बाइट तपासते, म्हणून त्याला ओळ बदललेली दिसते आणि ते बरोबरच आहे. युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांना एकच रूप देण्याच्या क्रियेनेही) हा भेद मिटत नाही, कारण नियमांप्रमाणे ती दोन वेगळी अक्षरमाला ठरतात.

माझी कळकळीची विनंती आहे की हा प्रश्न मथळ्यांपुरता मानू नये. सुर्वे आणि खोत शोधताना अडचण येणार नाही, पण ग्राहकांच्या यादीत 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' असलेले गावाचे वा माणसाचे नाव दोन रीतींनी भरले गेले असेल, तर शोध घेताना त्यातले एक सापडणार नाही आणि एकाच बागायतदाराची दोन खाती तयार होतील. ऱ असलेली रीत प्रमाण ठरवावी, सध्याच्या सर्व फाइलींतील दुसरी रीत एकाच कमिटमध्ये बदलून घ्यावी, त्या कमिटमध्ये दुसरा कोणताही बदल मिसळू नये, आणि पुढे 'प्री-कमिट' हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीत) छोटी तपासणी लावावी. जोडचिन्हाची रीत सापडली की कमिट थांबवायचा, एवढेच तिचे काम. हुक क्लोनबरोबर आपोआप जात नाहीत. ते रिपॉझिटरीतल्या एका फोल्डरात ठेवून 'कोअर.हुक्सपाथ' ही सेटिंग चारही संगणकांवर करावी लागेल. हीच तपासणी सॉफ्टवेअरमध्ये नावे भरतानाही हवी, पण तो गिटचा विषय नाही.

मोहोर, जामसंडे

सुरूचे_बन यांनी सांगितल्याप्रमाणे तपासले आणि नेमके तेच निघाले. दोन खात्यांची शंका आता यादीवर तपासतो आहोत. शेवटचा प्रश्न. तारखांचे जुने फोल्डर तसेच ठेवून आजपासून नवी सुरुवात करावी, की ते इतिहासात आणता येतील? हमाली आणि राउंडिंगचे जे दोन फोल्डर वेगळे झाले, ते एकत्र करण्याचे काम तर बाकीच आहे.

उत्तर: वाशिष्ठी, चिपळूण

जरूर आणावेत, आणि त्या दोन फोल्डरांसाठी तर आणावेतच, कारण त्यांचे एकत्रीकरण त्यातूनच सोपे होईल.

आधी रिकामी रिपॉझिटरी करून तिच्यात 'गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइल ठेवावी आणि तिच्यात 'टेक्स्ट' हा गुणधर्म 'ऑटो' लिहावा. हे आधी केले नाही तर ओळ संपल्याच्या न दिसणाऱ्या खुणांतल्या फरकामुळे प्रत्येक फाइल प्रत्येक वेळी पूर्ण बदललेली दिसू शकते आणि खरा बदल त्यात बुडून जातो. क्रिस्टल रिपोर्ट्सच्या फाइली एलएफएसकडे जाव्यात हेही याच फाइलमध्ये, पहिल्या कमिटच्या आधीच लिहावे. 'गिटइग्नोर'मध्ये 'बिन' आणि 'ओबीजे' हे तयार होणारे फोल्डरही टाकावेत.

मग सर्वांत जुना फोल्डर आत उतरवावा, सगळ्या फाइली जोडाव्यात आणि कमिट करताना 'डेट' हा पर्याय देऊन त्या फोल्डरची मूळ तारीख द्यावी. त्यानंतर '.गिट' फोल्डर आणि वरच्या दोन सेटिंगच्या फाइली सोडून बाकी सर्व पुसावे, पुढचा फोल्डर उतरवावा आणि पुन्हा तेच करावे. मधल्या काळात गाळलेल्या फाइली गिटला आपोआप कळतात. प्रत्येक कमिटच्या संदेशात आपल्याला आठवते तेवढे लिहावे. त्या वेळची तक्रारवही किंवा व्यापाऱ्यांचे निरोप जपून ठेवले असतील तर तेही आताच पाहून घ्यावेत, पुढच्या वर्षी कोणाला आठवणार नाही.

हमाली आणि राउंडिंगचे फोल्डर ज्या समान फोल्डरातून निघाले, तिथवर आलात की थांबावे. तिथून एक ब्रांच काढून तिच्यात हमालीचा फोल्डर कमिट करावा आणि त्याच ठिकाणाहून दुसरी ब्रांच काढून तिच्यात राउंडिंगचा. आता एक ब्रांच दुसरीत मर्ज करावी. दोघांचा समान पूर्वज गिटला ठाऊक असल्यामुळे कोणती ओळ कोणी बदलली आणि कोणी तशीच ठेवली हे त्याला कळते. दोन सुटे फोल्डर शेजारी ठेवून नुसता फरक काढला तर ही माहिती मिळत नाही. हमाली आणि आडत एकाच फंक्शनमध्ये मोजली जात असेल तर त्या काही ओळींवर संघर्ष येईल आणि तो हाताने सोडवावा लागेल. त्या वेळी गेल्या हंगामातील दोन्ही व्यापाऱ्यांच्या खऱ्या पट्ट्या समोर घ्याव्यात आणि नव्या प्रतीतून येणारी रक्कम त्यांच्याशी पैशापर्यंत ताडून पाहावी. मर्ज बिनतक्रार झाला याचा अर्थ हिशेब बरोबर आला असा होत नाही.

यापुढे व्यापाऱ्यागणिक ब्रांच ठेवण्याचा मोह टाळावा, अन्यथा फोल्डरांच्या जागी ब्रांच येतील आणि दुखणे तेच राहील. हमाली पेटीवर की डझनावर, हा निर्णय कोडमध्ये न ठेवता सेटिंगमध्ये न्यावा, म्हणजे सर्वांसाठी एकच मुख्य ब्रांच पुरते. व्यापाऱ्याकडे जी प्रत बसवली तिला टॅग (त्या कमिटला दिलेले ठरावीक नाव) द्यावा आणि तो टॅग सॉफ्टवेअरच्या माहितीच्या पडद्यावरही दाखवावा. चैत्रात गर्दीच्या दिवशी कोणाचा फोन आला की त्याला तो वाचून दाखवायला सांगायचे. त्याच्याकडे नेमका कोणता कोड आहे ते त्या क्षणी कळते.